गांव न सोडतां गाजलेले वादक
(नभोवाणीवरील भाषण)

'पिकतें तेथें विकत नाहीं' ही म्हण आपण बाजारहाटापुरती वापरतों. परंतु कलावंताच्या बाबतींत ती जगभर खरी ठरत आलेली आहे. गळा असो वा हात असो, तो घेऊन माणसानें मोठ्या शहरीं जावें, तेथल्या पेढीवाल्यांचे उंबरठे झिजवावे, आपली बोली थोडी घासून पुसून घ्यावी, आणि मग कोठें त्याच्या गांवच्या लोकांना तो आपला वाटूं लागावा, अशी ही रीत आहे. अमेरिकेंत हीं शहरें म्हणजे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस. आणि खेडवळ गाण्यापुरतें बोलावयाचें तर टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल.

आज मी ज्या वादकांविषयीं बोलणार आहें, त्यांनीं ही रीत बर्‍याच अंशीं मोडली. ते सारे संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांतले : अलाबामा, जॉर्जिया, फ्लॉरिडा, दक्षिण कॅरोलिना. कापसाच्या शेतांचीं, कापडगिरण्यांचीं आणि मोज्यांच्या कारखान्यांचीं हीं गांवें. तेथल्या मुलांनीं १९६० नंतरच्या वीस-बावीस वर्षांत जें वाजविलें त्याला 'सदर्न रॉक', म्हणजे दक्षिणी रॉक, असें नांव पडलें. आणि त्यांतली कांहीं मंडळी पुढें 'कंट्री' संगीताच्या दरबारांतहि मानानें जाऊन बसली. सारी हयात मुलांना व्याकरण आणि भूगोल शिकविण्यांत घालविलेल्या माणसानें ह्या विषयाला हात घालावा ह्याचें कोणास नवल वाटेल. परंतु ज्या विषयांत एक शाळा, एक मास्तर आणि मुलांचे लांब केस ह्यांचा मोठा वाटा आहे, तो विषय मला परका वाटत नाहीं. त्या मास्तरांची हकीकत पुढें येईलच.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. कंट्री म्हणजे दक्षिणेंतल्या गोर्‍या शेतकर्‍यांचें व मजुरांचें गाणें. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या त्यांच्या पूर्वजांनीं जुन्या चाली बरोबर आणल्या. फिडल, बँजो आणि गिटार हीं त्यांचीं वाद्यें. घर, आई, आगगाडी, दारू, तुरुंग आणि देव हे त्यांचे विषय. बँजो हें वाद्य मात्र मूळचें आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचें, ही गोष्ट तिकडे बराच काळ कोणी फारशी बोलून दाखवीत नसे. १९२५ सालीं नॅशव्हिलच्या नभोवाणी केंद्रानें अशा गाण्यांचा साप्ताहिक जलसा सुरू केला. तो 'ग्रँड ओल ऑप्री' ह्या नांवानें आजहि चालूं आहे. दुसरा शब्द ब्लूज. हें कापसाच्या शेतांत राबलेल्या काळ्या लोकांचें गाणें. त्यांतला स्वर रडका नाहीं, सोसलेला आहे. ह्या दोहोंच्या पोटीं, विजेच्या गिटारीच्या सुईणपणानें, रॉक नांवाचें पोर जन्मास आलें.

आतां अडचण अशी, कीं ज्या मुलुखांत हें पोर जन्मलें तेथें त्याच्या आईबापांना एका बांकावर बसण्याची बंदी होती. शाळा, उपाहारगृहें, पाणी पिण्याचे नळसुद्धां गोर्‍यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें ही भिंत कागदावर पाडली; गांवांतून ती पुढेंहि बरीच वर्षें उभी होती. परंतु नभोवाणीच्या लहरींना पाटी वाचतां येत नाहीं. रात्रीं नॅशव्हिलच्याच दुसर्‍या एका केंद्रावरून काळ्या गायकांच्या तबकड्या लागत, आणि शेंकडों मैलांवरचीं गोरीं मुलें अंथरुणांत पडून त्या ऐकत. आज सांगावयाच्या वादकांपैकीं पुष्कळांची खरी शाळा ती होती.

ह्या कथेचा आरंभ अलाबामाच्या वायव्य कोपर्‍यांत होतो. टेनेसी नदीच्या कांठीं फ्लॉरेन्स, शेफील्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स अशीं चार लहान गांवें एकमेकांच्या शेजारीं आहेत. अंध व बधिर असूनहि विद्वत्ता संपादन करणार्‍या हेलन केलर बाईंचा जन्म ह्यांपैकीं टस्कंबियाचा, हें सांगितल्यावांचून शाळामास्तराला राहवत नाहीं. फ्लॉरेन्समध्यें १९५९ सालीं एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर रिक हॉल व त्याचे दोघे मित्र ह्यांनीं संगीताची पेढी काढली. पुढें मित्र वेगळे झाले. हॉल राहिला, आणि त्यानें मसल शोल्स गांवीं 'फेम' नांवाची ध्वनिमुद्रणशाळा उभी केली. १९६६ सालीं शेजारच्या शेफील्डमध्यें दुसर्‍या एका लहानशा ध्वनिमुद्रणशाळेंत, रुग्णालयांत परिचारकाचें काम करणार्‍या पर्सी स्लेज नांवाच्या काळ्या तरुणानें एक प्रेमगीत गाइलें, आणि तें सबंध अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें. पुढच्याच वर्षीं ॲरेथा फ्रँकलिन ही थोर गायिका न्यूयॉर्कच्या कंपनीची माणसें बरोबर घेऊन ह्या आडगांवीं आली. साथीला कोण? तर त्याच परिसरांतलीं गोरीं पोरें. तबकडी ऐकून तीं काळींच असावींत असें पुष्कळांना वाटे. १९६९ सालीं त्यांतल्या चौघांनीं, म्हणजे जिमी जॉन्सन, रॉजर हॉकिन्स, डेव्हिड हूड आणि बॅरी बेकेट ह्यांनीं, शेफील्डमधील एका जुन्या शवपेट्यांच्या कोठारांत आपली स्वतंत्र ध्वनिमुद्रणशाळा काढली; आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत इंग्लंडचे जगप्रसिद्ध 'रोलिंग स्टोन्स' तेथें तीन गाणीं मुद्रित करून गेले. साथीदारांनीं काढलेल्या ध्वनिमुद्रणशाळेंत अशा जगप्रसिद्ध मंडळींनीं यावें, ही गोष्ट संगीताच्या इतिहासांत फार वेळां घडत नाहीं.

१९६८ सालीं हॉलच्या दारांत ड्युएन ऑलमन नांवाचा एक लांब केसांचा, सडपातळ तरुण काम मागावयास आला. ड्युएन आणि त्याचा धाकटा भाऊ ग्रेग हे जन्मानें नॅशव्हिलचे, पण वाढले फ्लॉरिडांतील डेटोना बीच येथें. वडील लहानपणींच गेले. आईनें हिशेबाची विद्या शिकून मुलांना वाढविलें. वर्षभरापूर्वीं हे भाऊ रीतीप्रमाणें लॉस एंजेलिसला जाऊन आले होते. तेथें कंपनीनें गाणीं निवडून दिलीं, वाजवावयाचें कसें तेंहि सांगितलें, आणि त्यांतून निघालेल्या तबकड्यांची ड्युएनला अखेरपर्यंत चीड होती. तो परतला तो पुन्हां त्या वाटेनें न जाण्याच्या निश्चयानें.

त्याच्या वाद्याविषयीं एक गोष्ट ग्रेगनें सांगितलेली आहे. ड्युएनला सर्दी झाली होती. वाढदिवसाची भेट म्हणून ग्रेगनें त्याच्या दारांत एक तबकडी आणि सर्दीच्या गोळ्यांची एक बाटली ठेवली. ड्युएननें तबकडी ऐकली, गोळ्या ओतून टाकल्या, बाटलीवरचा कागद धुऊन काढला, आणि ती कांचेची बाटली बोटांत घालून तो गिटारीच्या तारांवरून फिरवूं लागला. आपल्याकडे विचित्र वीणेवर कांचेचा गोळा फिरवून मींड काढतात, ती ज्यांनीं ऐकली आहे त्यांना ही युक्ति उमजण्यास वेळ लागणार नाहीं. स्वर पडद्यांवर तुटत नाहीं, गळ्यांतून निघाल्यासारखा वाहतो. ड्युएनच्या हातीं ती बाटली रडली, हंसली, पक्ष्याप्रमाणें किलबिललीसुद्धां.

१९६९ च्या मार्च महिन्यांत जॅक्सनव्हिल येथें 'ऑलमन ब्रदर्स बँड' जमला. सहा जणांत दोन गिटारवाले पुढें आणि दोन ढोलवाले मागें. ह्या दोघांतला जेमो हा मिसिसिपीचा काळा तरुण. ओटिस रेडिंगसारख्या गायकांच्या साथीला तो पूर्वीं हिंडलेला होता. हें पथक जॉर्जिया संस्थानांतील मेकन ह्या गांवीं बिर्‍हाडास आलें. रेडिंग मेकनचा, तो १९६७ सालीं विमान-अपघातांत गेला. त्याचा कारभार पाहणारा फिल वॉल्डन हाहि मेकनचा. कंपनीच्या धनिकांनीं ह्या पथकाला न्यूयॉर्कला किंवा लॉस एंजेलिसला हलविण्याचा आग्रह धरला होता. पण मंडळी हललीं नाहींत. वॉल्डननें मेकनमध्येंच 'कॅप्रिकॉर्न' नांवाची तबकड्यांची कंपनी काढली.

त्या काळच्या मेकनमध्यें लांब केसांचे पांच गोरे आणि एक काळा अशी टोळी रस्त्यानें चालूं लागली, कीं लोक वळून पाहत. सर्वच पाहणें ममतेचें नसे. त्यांच्या खिशांत पैसा नव्हता. गांवांत लुईझ हडसन नांवाच्या काळ्या बाईंची 'एच अँड एच' नांवाची खाणावळ होती. मंडळी तेथें आलीं, दोन पानांपुरते पैसे होते, दोन पानें मागवून सर्वांनीं वाटून खाल्लीं. बाईंनीं तें पाहिलें आणि पुढें प्रत्येकाला पान वाढूं लागल्या. पैसे येतील तेव्हां येतील. त्यांना सारे 'मामा लुईझ' म्हणत. ज्या प्रांतांत काळ्या माणसाला गोर्‍याच्या खाणावळींत बसूं देत नसत, तेथें काळ्या बाईंच्या ताटांवर ह्या गोर्‍या पोरांचें पोषण झालें, हें मला त्या पथकाच्या सगळ्या कीर्तीहून अधिक लक्षांत ठेवण्यासारखें वाटतें.

कीर्ति आली ती १९७१ सालीं. न्यूयॉर्कच्या 'फिलमोर ईस्ट' नाट्यगृहांत मार्चमध्यें झालेल्या जलशांची जोडतबकडी जुलैंत निघाली, आणि जाणकारांनीं ती डोक्यावर घेतली. तबकडी न्यूयॉर्कमध्यें घेतलेली खरी; पण आतां न्यूयॉर्क त्यांना ऐकावयास बसलें होतें. त्याच वर्षीं २९ ऑक्टोबरला मेकनच्या रस्त्यावर फटफटीच्या अपघातांत ड्युएन वारला. त्याचें वय चोवीस. पुढच्या वर्षीं ११ नोव्हेंबरला त्याच पथकांतला बेरी ओकली त्याच ठिकाणाजवळ तशाच अपघातांत गेला. राहिलेल्यांनीं पथक मोडलें नाहीं. दुसरा गिटारवाला डिकी बेट्स हा घरच्या मंडळींत फिडल-गिटार ऐकत वाढलेला; त्यानें रचून गाइलेलें 'रॅम्बलिन मॅन' १९७३ सालीं दुसर्‍या क्रमांकापर्यंत चढलें. त्यांतल्या दोन गिटारी एकमेकींचा हात धरून चालतात तशा खेड्यांतल्या लग्नांत दोन फिडलें चालत. रॉकमध्यें कंट्री शिरलें तें अशा दारानें.

राजकारणाचाहि एक धागा येथें गुंतलेला आहे. जॉर्जियाचे गव्हर्नर जिमी कार्टर हे वॉल्डनचे स्नेही. अध्यक्षपदासाठीं ते उभे राहिले तेव्हां त्यांना देशांत फारसें कोणी ओळखत नव्हतें आणि पैसाहि नव्हता. नव्या कायद्याप्रमाणें लहान लहान वर्गण्या जितक्या जमतील तितकीच भर सरकार घालीत असे. मेकनच्या वादकांनीं १९७५-७६ सालीं कार्टरांसाठीं जलसे केले, आणि तिकिटांचा पैसा वर्गणी म्हणून जमा झाला. १९७६ सालीं कार्टर निवडून आले. कॅप्रिकॉर्नचें भाग्य मात्र टिकलें नाहीं. १९७९ च्या सुमारास त्या कंपनीचें दिवाळें निघालें. तिची ओसाड पडलेली ध्वनिमुद्रणशाळा तेथल्या मर्सर विद्यापीठानें दुरुस्त करून २०१९ च्या डिसेंबरांत पुन्हां उघडली.

आतां मास्तरांची हकीकत. फ्लॉरिडाच्या ईशान्येस जॅक्सनव्हिल हें बंदराचें शहर आहे. त्याच्या पश्चिमेकडील मजूरवस्तींत रॉनी व्हॅन झँट हा मालमोटार हांकणार्‍या बापाचा मुलगा वाढला. १९६४ च्या उन्हाळ्यांत त्यानें टोलविलेला चेंडू बॉब बर्न्स नांवाच्या मुलास लागला. ह्या निमित्तानें बर्न्स, गॅरी रॉसिंग्टन आणि रॉनी ह्यांचें मैत्र जमलें, आणि बर्न्सच्या घरच्या मोटारीच्या छपराखालीं तिघे वाजवीत बसूं लागले. रॉसिंग्टन आणि बर्न्स जात त्या रॉबर्ट ई. ली हायस्कूलमध्यें लेनर्ड स्किनर नांवाचे व्यायामशिक्षक होते. मुलांचे केस सदर्‍याच्या कॉलरला लागतां कामा नयेत असा शाळेचा नियम होता, आणि स्किनर मास्तर तो कसोशीनें पाळवून घेत. केस वाढलेल्या मुलांची रवानगी मुख्याध्यापकांकडे होई. रॉसिंग्टन तर ह्या कटकटीला कंटाळून शाळाच सोडून गेला.

मुलांनीं सूड उगविला तो असा. मास्तरांच्या नांवांतले सारे इंग्रजी स्वर काढून टाकून त्यांच्या जागीं 'वाय' हें अक्षर बसविलें, आणि तें नांव आपल्या पथकाला दिलें : लिनर्ड स्किनर्ड. कानाला जवळ जवळ तेंच, डोळ्याला भलतेंच. शिष्यानें गुरूचें नांव काढलें, पण शुद्धलेखन बिघडवून! मास्तरांची बाजू कोणी घेत नाहीं म्हणून मी घेतों. नियम शाळेचा होता, त्यांचा नव्हे. आणि नेमून दिलेलें काम करणार्‍या माणसाच्या वाट्यास विनोद यावा हें शिक्षकांना नवें नाहीं. स्किनर पुढें घरें-जमिनींच्या विक्रीचा धंदा करूं लागले. १९७५ सालच्या तबकडीच्या वेष्टनावर त्यांच्या दुकानाच्या पाटीचें छायाचित्र त्यांच्या संमतीनें छापलें, त्यांत दूरध्वनीचा क्रमांकहि होता. मग काय, देशभरांतून अवेळीं घंटा वाजूं लागल्या. तरीहि मास्तरांनीं मनांत अढी ठेवली नाहीं. जॅक्सनव्हिलच्या एका जलशांत रंगमंचावर उभे राहून त्यांनींच ह्या पथकाची श्रोत्यांना ओळख करून दिली. २०१० सालीं ते वारले.

नांव थट्टेचें असलें तरी ह्या मुलांची मेहनत थट्टेची नव्हती. ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज गांवाजवळ रानांत त्यांनीं पत्र्याच्या छपराची एक झोपडी भाड्यानें घेतली. फ्लॉरिडाचा उन्हाळा आणि वर पत्रा. तिला ते 'हेल हाउस', म्हणजे नरकगृह, म्हणत. कामकर्‍यानें गिरणींत जावें तसें रोज सकाळीं तेथें जावयाचें आणि अंधार पडेपर्यंत गाणीं घोटावयाचीं. ऑलमन मंडळींचें वादन आपल्या बैठकीच्या जातीचें. आयत्या वेळीं सुचेल तसा विस्तार. ह्यांचें तसें नव्हे. गिटारीच्या लांबच लांब लकेरींतला स्वरन् स्वर आधीं बसविलेला, आणि आज वाजला तसाच उद्यां वाजावयाचा. रॉनीचें ह्या बाबतींत कडक शासन असे. स्किनर मास्तरांना तें पाहून समाधान वाटलें असतें! ह्याच पथकांत बिली पॉवेल नांवाचा सामान वाहणारा मुलगा होता. एकदां शाळेच्या एका समारंभांत त्यानें पथकाच्या गाण्याला स्वतः रचलेला पियानोचा आरंभ वाजवून दाखविला. रॉनी चकित झाला, आणि दुसर्‍या दिवसापासून सामान दुसरा कोणी वाहूं लागला.

पहिली तबकडी १९७३ सालीं निघाली. १९७४ सालच्या 'स्वीट होम अलाबामा' ह्या गाण्यानें हें नांव जगभर गेलें. कॅनडाच्या नील यंग ह्यानें आपल्या दोन गाण्यांत दक्षिणेला वर्णद्वेषाबद्दल कडक शब्दांत सुनावलें होतें, त्याला हा जबाब. गंमत अशी, कीं अलाबामाचें हें स्तोत्र रचणार्‍या तिघांत अलाबामाचा एकहि नाहीं. दोघे फ्लॉरिडाचे, एक कॅलिफोर्नियाचा, आणि मुद्रण झालें जॉर्जियांत. मात्र त्यांत मसल शोल्सच्या त्या चौघा साथीदारांचा त्यांच्या टोपणनांवानें गौरव केलेला आहे. पडद्याआड बसणार्‍या वादकांना असा मान गाण्यांतून क्वचितच मिळतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हें पथक रंगमंचावर मागें एक निशाण लावीत असे : १८६१ ते १८६५ च्या यादवींत गुलामगिरी राखण्यासाठीं फुटून निघालेल्या दक्षिणी संस्थानांचें. आपल्या मुलुखाचा अभिमान, एवढाच त्याचा अर्थ असें ते सांगत. अभिमान मी समजूं शकतों. परंतु ज्यांच्या आज्या-पणज्यांना ह्या निशाणाखालीं दावणीला बांधून ठेवावयाचें होतें, त्यांच्या सोसलेल्या स्वरांवरच ह्या गाण्याचा संसार उभा आहे. आणि त्यांच्या नजरेला तें निशाण कसें दिसत असेल, ह्याचा विचार त्या पोरांनीं केला नाहीं, हा माझ्या मतें त्यांच्या कीर्तीवरचा डाग आहे. त्यांच्या शाळेचें नांवहि त्याच यादवींतल्या सेनापतीचें होतें. २०२१ सालीं तें बदलून रिव्हरसाइड हायस्कूल असें ठेवलें गेलें.

२० ऑक्टोबर १९७७ रोजीं ग्रीनव्हिलहून बॅटन रूझला जात असतां त्यांच्या भाड्याच्या विमानांतलें तेल संपलें आणि तें मिसिसिपींतल्या गिल्सबर्गजवळच्या रानांत कोसळलें. रॉनी, गिटारवादक स्टीव्ह गेन्स, त्याची गायिका बहीण कॅसी, व्यवस्थापकांपैकीं एक आणि दोघे वैमानिक असे सहा जण गेले. नवी तबकडी बाजारांत येऊन तीनच दिवस झाले होते, आणि तिच्या वेष्टनावर मंडळी ज्वाळांच्या मध्यें उभीं दाखविलीं होतीं. तें चित्र कंपनीनें मागें घेतलें. दहा वर्षांनीं वांचलेल्यांनीं पथक पुन्हां जमविलें, आणि गाण्यासाठीं रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी पुढें आला. मूळ मंडळींतला शेवटचा रॉसिंग्टन २०२३ च्या मार्चमध्यें वारला.

दक्षिण कॅरोलिनांतील स्पार्टनबर्ग हें कापडगिरण्यांचें गांव. तेथल्या 'मार्शल टकर बँड'मध्यें मार्शल टकर नांवाचा कोणीच नाहीं. तालमीसाठीं भाड्यानें घेतलेल्या जागेच्या किल्लीवर तें नांव होतें; पूर्वीं ती जागा पियानो लावणार्‍या एका अंध गृहस्थांकडे होती, त्यांचें तें नांव. हे सद्गृहस्थ ९९ वर्षांचे होऊन २०२३ सालीं वारले. पथकाचा आत्मा टॉय कॉल्डवेल. व्हिएतनामच्या युद्धांत जखमी होऊन परतलेला हा शिपाई गिटार नखीनें न वाजवितां नुसत्या आंगठ्यानें वाजवी, त्यामुळें त्याचा स्वर गोल येई. शेजारीं बासरी! रॉकमध्यें बासरी म्हणजे तालमींत वीणा. पण ती तेथें शोभली. १९७३ सालच्या त्यांच्या पहिल्या तबकडीवरचें टॉयचें 'कान्ट यू सी' हें गाणें १९७६ सालीं वेलन जेनिंग्ज ह्या कंट्री गायकानें गाइलें व तेंहि गाजलें. अशा रीतीनें ह्या दोन घरांमधली भिंत विरघळूं लागली. १९८० च्या वसंतांत टॉयचे दोन भाऊ महिन्याच्या अंतरानें रस्त्यावरील अपघातांत गेले. त्यांतला टॉमी पथकाचा कणा होता. टॉयहि १९९३ सालीं गेला.

भिंत विरघळण्याचें दुसरें उदाहरण हँक विल्यम्स ह्याच्या मुलाचें. अलाबामाचा हँक विल्यम्स हा कंट्रीचा मेरुमणि. १९५३ च्या पहिल्या दिवशीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं वारला. मुलगा तेव्हां तीन वर्षांचा. आठव्या वर्षापासून त्याला रंगमंचावर उभें करून बापाचीं गाणीं बापाच्याच ढंगानें गावयास लावलें. पोरगा त्यांत गुदमरला. शेवटीं १९७५ सालीं तो मसल शोल्सला आला आणि टॉय कॉल्डवेल, उत्तर कॅरोलिनाचा फिडलवाला चार्ली डॅनियल्स अशा दक्षिणी मित्रांना घेऊन त्यानें स्वतःची तबकडी केली. त्याच ऑगस्टांत मोंटानाच्या डोंगरावरून पडून त्याचा चेहरा छिन्नविच्छिन्न झाला; बरें होण्यास फार काळ लागला. उठला तो बापाची प्रतिकृति म्हणून नव्हे. डॅनियल्सचें भूत आणि फिडलवाला ह्यांच्या पैजेचें गाणें तर १९७९ सालीं दोन्ही घरांत एकदम वाजलें.

राहतां राहिलें अलाबामाच्या ईशान्येकडील फोर्ट पेन. हें गांव आपणाला मोज्यांची राजधानी म्हणवून घेई. जवळच्या लुकआउट डोंगरावरील शेतकर्‍यांच्या घरचे रँडी ओवेन आणि टेडी जेन्ट्री हे चुलत-मावस नात्यांतले भाऊ आणि त्यांचा नातेवाईक जेफ कूक ह्यांनीं पथक केलें आणि त्याला पुढें 'अलाबामा' हें नांव दिलें. १९७३ पासून दर उन्हाळ्यांत दक्षिण कॅरोलिनाच्या मर्टल बीच येथील 'बाउरी' नांवाच्या दारूगृहांत ते वाजवीत, आणि गिर्‍हाइकें बरणींत टाकतील त्या चिल्लरीवर राहत. नॅशव्हिलची त्या काळची रीत अशी, कीं गायक एकटा हवा, साथीदार पेढीचे. पथक घेऊन येणारांना तेथें थारा नसे. सात उन्हाळे असे गेल्यावर १९८० सालीं मोठ्या कंपनीनें त्यांना घेतलें, आणि १९८२, ८३ व ८४ अशीं लागोपाठ तीन वर्षें कंट्री संगीताच्या संघाचा सर्वांत मोठा मान त्यांनाच मिळाला. बिर्‍हाड मात्र हललें नाहीं. १९८२ पासून पुढें पंधराएक वर्षें ते दर जूनमध्यें गांवांतच जलसा करून त्याचें उत्पन्न दानधर्माला देत. परदेशी स्वस्त माल आल्यावर मोज्यांचे बहुतेक कारखाने बुडाले. गांवाला लोक ओळखतात ते आतां मोज्यांमुळें नव्हे. जेफ कूक २०२२ सालीं वारला; ओवेन आणि जेन्ट्री तेथेंच राहिले.

ज्यांना ही मंडळी ऐकावयाचीं असतील त्यांनीं आरंभ मार्शल टकरच्या पहिल्या तबकडीनें करावा. बासरीमुळें आपल्या कानांना ती लवकर मानवते. मग पर्सी स्लेजचें तें प्रेमगीत ऐकावें. लिनर्ड स्किनर्ड दिवसां लावावें, शेजार्‍यांशीं सलोखा असल्यास. 'फिलमोर ईस्ट'ची जोडतबकडी मात्र रात्रीं, दिवा मंद करून ऐकण्याची. तिच्यांतलें शेवटचें एकच गाणें तेवीस मिनिटांचें आहे, तेव्हां तेवढीं मिनिटें हाताशीं ठेवून बसावें. माझ्या वाट्याला केंद्रानें तेवढीं दिलेलीं नव्हतीं, आणि जीं दिलीं तीं आतां संपलीं आहेत.